प्रस्तावना नको

माझी मावशी चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. पुढे काउंटरवर तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, गिऱ्हाइकांशी बोलतात आणि बोलतच राहतात. दोघांचं बरं चाललं होतं. मग मावशीनं कादंबरी लिहिली आणि काकांच्या डोक्याला ताप झाला.

कादंबरी दोन जावांची. एकाच स्वयंपाकघरात राबायचं आणि वर्षानुवर्षं अबोला. वाचताना मी रडले. भाचीला कौतुक असणारच, असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

छापणार कोण? मावशीनं सगळं रीतसर केलं. कोण कसली पुस्तकं काढतो ते वाचनालयात बसून पाहिलं, कथेचा गोषवारा आणि सुरुवातीची प्रकरणं पाठवली. बऱ्याच जणांनी पोचसुद्धा दिली नाही. एकजण म्हणाला, खर्च तुम्ही करा. त्याला तिनं कळवलं की आम्ही गिऱ्हाइकाकडून काचा घासून घेत नाही. शेवटी एक मोठे प्रकाशक हो म्हणाले. अट एकच, नव्या नावाला कुणा ज्येष्ठाची प्रस्तावना हवी. ज्येष्ठ त्यांनीच गाठून दिले. केवढं नाव! पुस्तक छापून व्हायच्या आधीच काकांनी ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

प्रस्तावना आली. बहुतेक सगळी त्या गृहस्थांच्या स्वतःच्या तरुणपणावर होती. शेवटी मावशीची आठवण झाली होती: ‘दुकान सांभाळून त्या लिहितात हेच विशेष. नवखेपणाचे दोष वाचकांनी पोटात घालावेत.’

मावशी मला घेऊन तडक प्रकाशकांच्या ऑफिसात गेली. दोष कुठले, एवढंच तिनं विचारलं. प्रकाशक म्हणाले, मनावर घेऊ नका, असं लिहायची पद्धतच असते, त्यांनी पुस्तक नुसतं चाळलंय. हे ते तिची समजूत घालायला सांगत होते. माझं डोकंच फिरलं.

“दोष मला सांगा, मी दुरुस्त करते,” मावशी म्हणाली. “वाचकांपुढे हात कशाला जोडायचे? प्रस्तावना काढा.”

“ती काढली तर पुस्तक निघणार नाही, ताई. नवं नाव कोण विकत घेतं?”

“मग माझं बाड परत द्या.”

काकांनी कपाळावर हात मारला. हातातोंडाशी आलेला घास घालवलास, आता गल्लीत तोंड कसं दाखवू, म्हणाले. मावशीनं सुचवलं की काउंटरवर मी बसते, तुम्ही मागे बसा. पण घाबरली तीही होती. आता आपल्याला कुणी विचारणार नाही, असं तिनं मला एकदा बोलून दाखवलं. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

तरी तिनं बाड पुन्हा पाठवलं. या खेपेला एका छोट्या प्रकाशनाकडे, जे एक बाई एकट्या चालवत होत्या. सोबत दोन ओळी: ‘शिफारस कुणाचीही नाही. पहिलं प्रकरण वाचा, आवडलं तर पुढचं.’ बाईंचं उत्तर यायला बरेच महिने गेले. त्या पुस्तक काढायला तयार होत्या, पण त्यांच्या मते मधलं एक अख्खं प्रकरण रेंगाळत होतं. ते कापा, म्हणाल्या. मावशीनं हूं की चूं न करता कापलं.

“इथे बरं ऐकलंस,” काका फणकारले.

“यांनी वाचलंय,” मावशी म्हणाली.

पुस्तक आलं तेव्हा काकांनी एक प्रत काउंटरवर ठेवली. नंबर बदलून घ्यायला आलेल्या एका मास्तरांनी ती उचलली, पुढची पानं उलटली, परत पहिल्या पानावर आले. तुम्ही सांगत होतात ती प्रस्तावना कुठाय, त्यांनी विचारलं. दुकानात आणखी दोघंतिघं होती. मागे काच घासायचं यंत्र बंद झालं. मी काकांकडे बघायचं टाळलं.

काका मास्तरांचा चष्मा पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तो काउंटरवर ठेवला.

“आम्ही नको म्हटलं,” ते म्हणाले. “माफी मागितली होती त्यात. का म्हणून? आमच्या हिनं कुणाचं काय घोडं मारलंय?”