शेवटच्या नळाचं कॅलेंडर

धुळ्यात नळाच्या पाण्याचा दाब मोजायचं काम माझ्याकडे होतं. नळाला मीटर लावायचा, काटा बघायचा, फॉर्मवर आकडा लिहायचा. एका गल्लीच्या टोकाला, शेवटच्या नळावर मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा ‘समाधानकारक’ लिहून ऐटीत परतलो.

चौथ्यांदा गेलो तेव्हा त्या घरातल्या अक्कांनी चहा दिला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात ठेवलं. पाणी आलेल्या प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. एक रेघ म्हणजे एक भरलेला हंडा. पाणी गढूळ आलं असेल तर रेघांवर आडवी काट. इतकी चोख नोंद आमच्या अख्ख्या ऑफिसात नव्हती.

बहुतेक तारखांखाली चार-पाच रेघा होत्या. तीन तारखांखाली मात्र त्या मावत नव्हत्या. त्या तारखा माझ्या होत्या.

“तुम्ही येतस तवयच पानीले जोर ऱ्हास, भाऊ,” अक्का शांतपणे म्हणाल्या.

मी येतो तेव्हाच पाण्याला जोर! मला स्वतःचाच भयंकर राग आला. पाण्याची वेळ चुकू नये म्हणून वॉल्व्ह सोडणाऱ्याला आदल्या दिवशी मीच फोन करायचो. साहेब येणार म्हटल्यावर तो बिचारा वॉल्व्ह पुरता उघडायचा.

पाण्याच्या पुढच्या पाळीला मी कुणालाही न कळवता गेलो. काटा जेमतेम हलला. मी मीटर काढला. अक्कांनी नळाखाली हंडा लावला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.