दिलीपच्या वायरिंगमध्ये चूक नव्हती

वर्षभर मी गप्प राहिलो, आणि बदनाम झाला तो मेलेला माणूस.

आज दिलीपचं वर्षश्राद्ध.

दिलीप म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमधला माझा ऑटो इलेक्ट्रिशियन. वय बावन्न. गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून बोलायचा, त्यामुळे बरीच वर्षं मी त्याला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखत होतो.

माझी गाडी जुनी. तिचा वॉटर पंप गेला, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंप. नवा मिळेना.

"सर, इलेक्ट्रिक पंप टाकू. बेल्टची कटकटच नाही. वायरिंग माझ्यावर सोडा."

दोन दिवस खपला. बॅटरीजवळ फ्यूज, मग रिले, प्रत्येक वायर जाळीत गुंडाळलेली. चावी फिरवली की पंप आपोआप सुरू. गाडी बंद केल्यावरही तो तीन-चार मिनिटं चालायचा, तापलेलं इंजिन निववायला.

काम झालं की मालकाला सीटवर बसवून तीन वेळा चालू-बंद करायला लावायचा. "माझ्या हाताला सगळंच चालतं, सर. तुमच्या हाताला चाललं पाहिजे."

मला तो गाडी बंद केल्यानंतरचा आवाज सहन होईना. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या सोसायटीत वॉचमन रोज सांगायचा, "साब, गाडी चालू रह गई."

मी दिलीपला म्हटलं, मला पंपाचा वेगळा स्विच दे. मी बंद करीन, मी चालू करीन.

"नको सर. माणूस विसरतो."

"दिलीप, शाळेत पाठ केलेली धातुरूपं मी अजून झोपेत म्हणतो. मी एक स्विच विसरणार?"

"धातुरूपं विसरलात तर इंजिन नाही बसत, सर."

शेवटी दिला. वर म्हणाला, "निदान एक लाल दिवा लावून देतो. पंप बंद असला की पेटेल."

"दिवा कशाला? मांडव आहे का?"

तो हसला. दिवा लावला नाही.

गेल्या वर्षीचा तो रविवार. सकाळी अकरा. हॉर्न वाजत नव्हता म्हणून दिलीपच्या गॅरेजवर गेलो होतो. सवयीने गाडी बंद केली, पंपही बंद केला.

दिलीप स्टुलावर बसलेला. घामाने भिजलेला.

"ॲसिडिटी झालीय सर. बघतो हॉर्नचं."

शेजारच्या स्पेअर पार्टवाल्या सिंधी लछूभाईंनी त्याचा हात धरून पाहिला. "साईं, ये एसिडिटी नहीं है."

कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमने ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, आणि सांगितलं, ताबडतोब बदलापूरला न्या, हार्टचं तिथे होईल. त्यांची ॲम्ब्युलन्स बाहेर गेली होती.

माझी गाडी दारात होती.

लछूभाईंनी त्याला मागच्या सीटवर आडवं केलं आणि ते त्याच्या घरी कळवायला धावले. मी चावी फिरवली आणि निघालो.

अंबरनाथ मागे पडलं. मी आरशात दिलीपकडे बघत होतो. टेंपरेचरच्या काट्याकडे नाही.

मागून आवाज आला. अगदी बारीक.

"सर... पंपाचा आवाज नाही येत."

स्विच.

बोट लावेपर्यंत बॉनेटमधून वाफ यायला लागली होती. गाडी दोन आचके देऊन रस्त्याच्या कडेला बंद पडली.

मी खाली उतरून बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. का, ते विचारू नका. काहीतरी करतोय असं वाटायला हवं होतं.

तो आतून म्हणाला, "झाकण उघडू नका सर. भाजाल."

माझ्याशी बोललेलं ते त्याचं शेवटचं वाक्य.

रिक्षा मिळायला वेळ लागला. किती, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती. बदलापूर यायच्या आधी त्याचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं.

'उपचारांपूर्वीच मृत्यू.' बातमीदार म्हणून हे दोन शब्द मी शेकडो वेळा लिहिलेत. त्यात किती काय झाकलं जातं, हे त्या दिवशी कळलं.

स्मशानात कोणीतरी विचारलं, गाडी बंद कशी पडली?

दुसरा म्हणाला, "तो इलेक्ट्रिक पंप ना? दिलीपनेच बसवलेला."

मी म्हणालो, "हो. त्यानेच बसवलेला."

एक अक्षर खोटं नव्हतं. पंचवीस वर्षं बातम्या लिहिल्यावर एवढं जमतंच.

मग गल्लीभर तेच झालं. दिलीपला दिलीपच्याच वायरिंगने दगा दिला. गॅरेज आता त्याचा भाऊ चालवतो. वर्षभरात पंपाचं एकही काम त्याच्याकडे आलं नाही. लोक बल्ब बदलून घेतात आणि वायरिंगला पुढच्या दुकानात जातात.

मला हे माहीत होतं. मी दर महिन्याला तिथे चहा प्यायलो.

आज दिलीपच्या बायकोने, सुनीतावहिनींनी, जेवायला बोलावलं. पहिलं पान मला वाढलं.

"शेवटी तुम्हीच होतात ना त्यांच्याजवळ, भाऊजी."

हातातला घास मी परत पानात ठेवला. तिथेच सगळं सांगितलं. स्विचचं. दिव्याचं. स्मशानातलं.

वहिनींच्या हातात वरणाची पळी तशीच राहिली.

"तुम्ही वेळेत पोचला असतात तर ते वाचले असते?"

"माहीत नाही, वहिनी. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

पळी भांड्यात ठेवून त्या म्हणाल्या, "त्यांचे भाऊ मला तोंडावर म्हणाले होते, दादाचं काम कच्चं राहिलं असेल. मी ऐकून घेतलं. आता तुम्ही गल्लीत जा, आणि सगळ्यांना सांगा. आणि सरळ सांगा. तुमच्या त्या पेपरातल्या जड मराठीत नको."

जेवणाचा आग्रह त्यांनी पुन्हा केला नाही. मी उठलो.

आधी दिलीपच्या भावाला सांगितलं. तो ऐकून आत गेला. मग लछूभाईंना. त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"एक साल, साईं? एक साल?"

 

उरलेल्यांसाठी हे इथे लिहितोय. कॅम्प चारमध्ये कोणी ओळखीचं असेल तर पुढे पाठवा. माझ्या नावासकट.

दिलीप, तुझी माफी मागावी तर तू नाहीस. नमस्कार तेवढा घे.