गोजराबाईची शिरगणती

ओढा मागं पडून चढण लागली, तेव्हा गोजराबाईनं डोक्यावरची पाटी सावरली आणि मागं न वळताच हाक दिली, "मीठ?"

"हाय!" जयसिंग ओरडला.

"राकेल?"

"हाय!"

"गूळ?"

"हाय," वाल्मीक म्हणाला, पण तोंड भरलेलं होतं.

"खातोय त्यो, आये," थोरली रंभी म्हणाली.

"खाऊ दे. गूळ हाय न्हवं? मंग झालं. छत्री?"

"हाय."

"नारळ?"

"हाय!"

गोजराबाईचं समाधान झालं. कडेवरच्या धाकटीला तिनं या बाजूनं त्या बाजूला घेतलं आणि पाऊल उचललं. बरोबर गावच्या शाळेतल्या बाई होत्या, म्हणजे हे लिहिणारीच. त्यांना वाटलं, ही बाई बाजार सांभाळते आहे. गोजराबाई पोरं सांभाळत होती.

घरातून निघताना किंवा परत फिरताना ती प्रत्येक पोराच्या हातात एकेक जिन्नस द्यायची. वाटेत जिनसांची हाक घ्यायची. जिन्नस आहे म्हणजे पोरगं आहे. पोरं मोजायची नाहीत, हा तिचा नेम होता आणि त्याला कारण होतं. एक्कावन्न सालच्या शिरगणतीला सासूनं ओट्यावर बसून, बोटांवर, घरातली पोरंबाळं मोजून सांगितली होती. त्याच आषाढात गोजराबाईचं पहिलं बाळ गेलं आणि पाळणा सोडून आढ्याला टांगून ठेवावा लागला. तेव्हापासून तिनं मोजणं सोडलं. पाळणा मात्र पुन्हा खाली आला तो परत वर गेलाच नाही. नवरा कुशाबा पुण्याला हमालीला, आठवड्यातून एकदा यायचा. आला की पोरं झोपलेली असायची, गेला तेव्हाही झोपलेलीच. त्याला आपली पोरं उभी कशी दिसतात हे नीटसं ठाऊक नव्हतं. पोरं किती होती म्हणाल, तर तिनं ते कधी सांगितलं नाही, म्हणून इथंही लिहिलेलं नाही.

त्या दिवशी सगळी घोटावड्याला गेली होती ती देवी टोचून घ्यायला. बाईंनी महिनाभर पाठ धरली होती, तेव्हा कुठं गोजराबाई तयार झाली. टोचणाऱ्यानं वही उघडून विचारलं, "मुलं किती?"

"देवाच्या दयेनं हायेत."

"अहो, पण किती?"

"तुमी टोचत चला. सपली म्हंजी मी सांगते."

टोचून झाल्यावर तिनं देवीसाठी नारळ घेतला. सुई खुपसली म्हणून देवीनं राग धरायला नको. बाईंनी तिला टोचण्याचं शास्त्र नीट समजावून सांगितलं होतं. मग त्यांनीही आपला एक नारळ घेतला.

चढण संपली तिथं जांभळीखाली सगळी टेकली. गोजराबाईनं पाटीतलं फडकं सोडलं, भाकरी घेतली आणि तुकडे मोडायला लागली. ती कधी बघून मोडत नसे. हाताला सवय होती. तुकडा मोडला की समोर हात येई, तो भरला की दुसरा येई. भाकरी सरली, पोरं चावायला लागली, आणि तिच्या हातात एक तुकडा तसाच राहिला.

"कुणाचा ऱ्हायला?" तिनं विचारलं.

कुणी बोललं नाही. तिच्या घरात या प्रश्नाला आजवर एकानं कधी उत्तर दिलं नव्हतं, नेहमी चौघं-पाचजण मिळूनच द्यायची.

तिनं तुकड्याकडं बघितलं, मग पोरांकडं. "नारळ कुणाकडं हाय?"

"माज्याकडं," रंभी म्हणाली.

"तुज्याकडं छत्री हुती."

"छत्री बी हाय. बह्याचा दंड ठणकत हुता, म्हून नारळ मी घेतला."

"आन् बह्या कुटं हाय?"

"मला काय म्हाईत? तू नारळ इचारलास. बह्या कुटं इचारलास?"

एरवी या उत्तराला एक चापट ठरलेली. आज गोजराबाईचा हात उठला नाही. तिनं धाकटीला बाईंच्या मांडीवर टाकलं, "ह्यास्नी बघा," एवढंच म्हणाली आणि पदर खोचून चढण उतरायला लागली.

ओढ्यात पाणी घोट्याएवढं होतं, तिथं ती थांबली नाही. ओढ्यापलीकडं रस्त्याला लागून बिनकठड्याची विहीर होती, तिथं पाय आपोआप थांबले. मघाशी परत येताना बहिरू, तिचा बह्या, तिथंच वाकून बघत होता, त्याला दंड धरून ओढलं होतं. कुठला दंड, टोचलेला का दुसरा, तेही बघितलं नव्हतं. ती काठावर गुडघे टेकून बसली. खाली पाणी काळंभोर, हलत नव्हतं. "बह्या," तिनं हळूच म्हटलं, मोठ्यानं म्हणायचा धीर झाला नाही. आतून तिचाच आवाज वर आला. आई, नारळ देते, खणानं वटी भरते, पोरगं दे, असं ती देवीला म्हणाली. मग उठली आणि पळत सुटली.

घोटावड्यात शिरतानाच मोहिद्दीनभाईंचं किराणा दुकान होतं. दुकानाच्या पायरीवर, भुशाच्या पोत्याला टेकून, बहिरू मांडी घालून बसला होता. समोर ताटलीत शिरा. मोहिद्दीनभाईंची बायको बीबीजान जवळ बसून त्याला वारा घालत होती. अख्खी ताटली एकट्याला, असा प्रसंग त्याच्या जन्मात पहिल्यांदाच आला होता.

आईला बघून त्याचं तोंड पडलं. "तू कशापायी आलीस?"

"बघ, नकोयस तू त्याला!" बीबीजान हसली. "म्या म्हटलं, गोजराक्काकडं लई झाली, एक आमाला ठेवून गेली. दोन येळा दारात जाऊन बघितलं मी, कुणी परतून येतंय का. कुनाचा रं तू, म्हटलं, तर म्हनतो, आयेचा."

"पोरांच्या गर्दीत इहिरीपासनं मागं फिरला आसंल, मला कळलं न्हाई बया."

"मोजीत जा की गं, निगताना!"

"मोजायची नसत्यात."

"मंग शेरडांवानी दावं तरी लावून नेत जा!"

गोजराबाईनं बहिरूच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग तोच हात तिथंच फिरवत राहिली. शिरा संपेपर्यंत थांबली. हातातला भाकरीचा तुकडा घामानं ओला झाला होता, तो तिनं स्वतः खाल्ला.

परतीच्या वाटेनं तिनं त्याला कडेवरून खाली सोडलं नाही. त्याचे पाय तिच्या गुडघ्याला लागत होते. चढण अर्धी झाली तेव्हा वरून बाई उठून उभ्या राहिलेल्या दिसल्या. त्यांनी तिच्या कडेवरचं पोर बघितलं, हात जोडले आणि ओरडून सांगितलं, "इथली सगळी आहेत हो, गोजराबाई!"

वर पोचल्यावर गोजराबाईनं आधी दम घेतला. मग विचारलं, "सगळी हायेत, हे तुमाला कसं कळलं? तुमी मोजली?"

बाई ओशाळल्या. "मोजली. मनातल्या मनात. तुम्ही गेल्यापासून तेच करत होते. रोज हजेरी घ्यायची सवय, राहवलं नाही. चुकलं का माझं?"

गोजराबाईनं पोरांकडं एकेक करून बघितलं. वाल्मीकच्या हनुवटीला गूळ, जयसिंग मिठाची पुडी पायात धरून पेंगुळलेला, धाकटी बाईंच्या पदराचं टोक चघळणारी. कुणाला काही झालेलं दिसत नव्हतं. मग तिनं बहिरूला खाली ठेवलं, पण मनगट सोडलं नाही.

"बाई, एक काम सांगते, न्हाई म्हनू नगा. दिवं लागायच्या येळंला तुमी मारुतीला आमच्याच दारावनं जाता. जाता जाता पोरांवरनं एकडाव नजर फिरवीत जा. तुमची न्हाईत ती, तुमच्या मोजन्यानं त्यास्नी काय व्हायचं न्हाई. पर मला आकडा सांगू नगा. पुरी हायेत, येवढंच म्हना. आन् एकांद्या दिशी पुरी नसली, तर बी आकडा नगा सांगू. निस्तं नाव सांगा."