विटांवर उभी राहिलेली लॅब

समजा, तुम्हाला नळाच्या पाण्याचा नमुना घ्यायचा आहे. सोपं वाटतं ना? नळ सोडायचा, बाटली धरायची. थांबा. आधी हात धुवा. मग स्पिरिटचा बोळा पेटवून नळाच्या तोंडावरून फिरवा, म्हणजे नळाच्या अंगावरचे जंतू पाण्याच्या नावावर जमा होणार नाहीत. आता पाणी थोडा वेळ नुसतं वाहू द्या. तेवढ्यात मागे हंडे घेऊन उभं असलेलं कोणीतरी म्हणेलच, "बाई, आमचं पाणी सांडायला सरकारने पगार दिलाय का?" तिकडे लक्ष देऊ नका. बाटलीचं झाकण काढा, पण ते कुठे ठेवू नका. कट्ट्यावर नको, खिशात नको, दातांत तर नकोच. बाटली भरा, वर थोडी हवा राहू द्या. झाकण लावा, चिठ्ठी चिकटवा आणि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवा. इथून घड्याळ सुरू. सहा तासांच्या आत हे पाणी तपासायला लावलं नाही, तर आतले जंतू कमीजास्त होतात आणि तुमची सगळी मेहनत पाण्यात जाते.

बाटलीताईला हे सगळं डोळे मिटून जमत होतं. पाणीपुरवठा कार्यालयाच्या फिरत्या प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. वस्त्यांमधली पोरं तिला बाटलीताई म्हणायची, आणि तिचा नवरा चारचौघांत म्हणायचा, "लोकांच्या घरी नवरा बाटली आणतो, आमच्याकडे बायको पेटीभर आणते." प्रयोगशाळा म्हणजे एक जुनी पांढरी व्हॅन. आत तळहाताएवढं बेसिन, जंतू वाढवायचा इन्क्युबेटर, वजनकाटा आणि हलू नयेत म्हणून फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या. व्हॅन चालवणारा ड्रायव्हर बाटल्यांना लेकरांसारखा जपायचा. खड्डा आला की ओरडायचा, "बाई, काचा धरा." बाईंनी स्वतःला कुठे धरायचं, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

पाइपलाइन जिथे संपते, त्या टेकडीपलीकडच्या वस्तीत बाटलीताईची धाकटी नणंद राहायची. शिवणकाम करायची, आणि कात्रीपेक्षा जीभ जास्त चालवायची. एक दिवस तिचा फोन आला.

"वहिनी, पाण्याला गटाराचा वास येतोय. गल्लीतली अर्धी पोरं आडवी झालीत. माझी पोरगी सलाईनवर आहे. तू जगाचं पाणी तपासतेस, कधी आमचंही तपास."

बाटलीताई दुसऱ्याच दिवशी व्हॅन घेऊन गेली. वस्तीतच व्हॅन उभी केली, नमुने तपासायला लावले आणि मुक्काम केला. उत्तर यायला वेळ लागला नाही. जुन्या पाइपात गटाराचं पाणी शिरत होतं. तो पाइप बंद करून नवा टाकावा, असा अहवाल तिने कार्यालयातल्या साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो मनापासून वाचला.

"उत्तम काम. पण आपली लॅब प्रमाणित आहे का?"

"नाही, साहेब. पण जंतूंना कुठे सर्टिफिकेट लागतं?"

"म्हणून तर ते गटारात राहतात. आपण कार्यालयात राहतो. सर्टिफिकेट आणा, मी त्याच दिवशी पाइप बंद करतो."

बाटलीताई पदर खोचून कामाला लागली. हात कसे धुवावेत इथपासून हात धुतले नाहीत तर काय करावं इथपर्यंत सगळं तिने लिहून काढलं. मग तपासनीस आले. अतिशय सज्जन माणूस. व्हॅनमध्ये शिरताना त्यांनी चपलासुद्धा काढल्या. आत येऊन त्यांनी पिशवीतून उतार बघायची पाणसळ काढली आणि व्हॅनच्या तळावर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला.

"जमीन समतल नाही."

"गाडी रस्त्यावर उभी आहे, साहेब."

"मी तेच लिहितोय."

शेजारून एक ट्रक गेला आणि वजनकाट्याचा आकडा थरथरला. तपासनिसांनी "कंपनं" असं लिहिलं. वीज गाडीच्या बॅटरीवरची आहे हे कळल्यावर "अखंड वीजपुरवठा नाही" असं लिहिलं. मग त्यांनी पत्ता विचारला.

"गाडीला पत्ता कसा असेल? नंबर आहे," बाटलीताई म्हणाली.

"सर्टिफिकेट पत्त्यावर निघतं, ताई. नंबरावर दंडाची पावती निघते."

शेवटी त्यांची नजर ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या स्पीडोमीटरवर गेली. "हे मोजमापाचं उपकरण आहे. याचं कॅलिब्रेशन?"

"साहेब, तो काटा मी नोकरीला लागलो तेव्हापासून विसावर आहे," ड्रायव्हर म्हणाला. "इतकं स्थिर उपकरण तुम्हाला आख्ख्या खात्यात मिळणार नाही."

तपासनीस हसले नाहीत. त्यांनी तेही लिहिलं.

मग उणिवा दूर झाल्या. चाकं काढून व्हॅन कार्यालयाच्या अंगणात विटांवर चढवली आणि विटांना सिमेंट लावलं. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. कार्यालयातून वायर ओढून वीज दिली. बॉनेटवर पत्त्याची पाटी ठोकली. स्पीडोमीटरवर "वापरात नाही" अशी चिठ्ठी लागली. ड्रायव्हरला इन्क्युबेटरचं तापमान लिहायचं काम मिळालं. ते लिहून झालं की तो सवयीने स्टिअरिंगमागे जाऊन बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत गिअर बदलायचा.

सर्टिफिकेट आलं. त्यावर ठळक अक्षरांत "फिरती प्रयोगशाळा" असं छापलेलं होतं. साहेबांनी हार घातला आणि भाषणात सांगितलं की आपली लॅब आता भक्कम पायावर उभी आहे. ते मात्र शब्दशः खरं होतं.

बाटलीताईने त्याच संध्याकाळी जुना अहवाल पुन्हा साहेबांपुढे ठेवला.

"हा सर्टिफिकेटच्या आधीचा," साहेब म्हणाले. "ताजा नमुना आणा."

"आणते. गाडी द्या."

"तुमच्या नावावर गाडीची नोंद आहे. एका विभागाला दोन गाड्या देता येत नाहीत."

बाटलीताईने खिडकीतून विटांकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. नोंद तर होती.

तिने नणंदेला फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही गाडीला सर्टिफिकेट दिलं का अंथरुणाला खिळवलं?" नणंद म्हणाली. "पोरगी केव्हाच घरी आली सलाईनवरून. आता परत तेच पाणी. उकळून उकळून माझं अर्धं आयुष्य वाफेवर चाललंय, वहिनी."

बाटलीताई बर्फाची पेटी घेऊन बसने गेली. नमुना नियमाप्रमाणे घेतला. परतीच्या बसमध्ये नणंद पेटी मांडीवर घेऊन बसली, तिचं म्हणणं होतं की साहेबांशी आता तीच बोलेल. टेकडी चढताना बस तापून बंद पडली. दुसरी बस येईपर्यंत सहा तासांची मुदत रस्त्यातच संपली. बाटलीताईने तरीही नमुना लावला, जंतूंनी तपासणीची काचबशी गच्च भरली, आणि तिने अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं की नमुना उशिरा पोहोचला.

"हेच तर," साहेब म्हणाले. "हे जंतू प्रवासात वाढले असतील."

"वाढायला आधी असावे लागतात ना, साहेब?" नणंद म्हणाली. "का मधल्या थांब्यावर चढले? मग कंडक्टरला विचारा, तिकिटं काढली असतील त्यांनी."

"बाई, किती होते हे महत्त्वाचं असतं."

"साहेब, पिण्याच्या पाण्यात या जंतूंची मर्यादा शून्य आहे," बाटलीताई म्हणाली.

"आणि मुदत सहा तास आहे," साहेब म्हणाले, आणि दोघांचंही बरोबर होतं.

तेव्हापासून लॅबमध्ये नियमात बसणारं एकच पाणी यायचं, ते म्हणजे कार्यालयाच्या अंगणातल्या नळाचं. ते नेहमीच स्वच्छ निघायचं. वर्षाच्या अहवालात साहेबांनी लिहिलं की प्रमाणित लॅबने तपासलेले सर्व नमुने पिण्यायोग्य आढळले. त्याबद्दल त्यांना शाबासकीचं पत्रही आलं. टेकडीपलीकडे मात्र चुली पाण्यासाठीच पेटत होत्या, आणि ज्याच्याकडे जळण नव्हतं तो तसंच पीत होता. नणंदेची पोरगी पुन्हा आजारी पडली.

वर्ष झाल्यावर तपासनीस फेरतपासणीला आले. पुन्हा चपला काढल्या, पुन्हा पाणसळ ठेवली. बुडबुडा जागचा हलला नाही. त्यांनी सगळ्या रकान्यांवर खुणा केल्या आणि समाधानाने पेनाचं टोपण लावलं.

"फारच सुंदर. काही शंका आहे का, ताई?"

स्टिअरिंगमागे बसलेल्या ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"एकच आहे," बाटलीताई म्हणाली. "चाकं गोदामात आहेत, त्यांच्यात हवा आहे, ड्रायव्हर हा बसलाय आणि त्या वस्तीपर्यंत रस्ताही आहे. तुमच्या सर्टिफिकेटवर 'फिरती प्रयोगशाळा' असं लिहिलंय."

"बरोबर."

"मग ती फिरवली, तर सर्टिफिकेट राहतं का?"