पवनेच्या वाळूतला चिखल्या

लग्न होऊन रत्नागिरीकडून पिंपरीला आले, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. यजमान कारखान्यात होते. पाणी कमी आलं की मी शेजारच्या मावशींबरोबर धुणं घेऊन पवनेवर जायची. मावशी मूळच्या पिंपरी गावातल्याच.

एके सकाळी वाळूत एक लहानसं पाखरू तुरुतुरु धावताना दिसलं. धावायचं, थबकायचं, पुन्हा धावायचं. गळ्याभोवती काळा पट्टा. मी पिळे तसेच टाकून बघत राहिले. हा तर आमच्या पुळणीवरचा चिखल्या. समुद्र सोडून हा इथे कसा आला?

मावशी म्हणाल्या, "टिटवीचं पोर हाय ते."

मला ते पटेना. घरी यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुला गावची आठवण येतेय, दुसरं काय."

कदाचित तसंही असेल, असं मला वाटलं. पण चैत्रात तेच पाखरू पंख मोडल्यासारखं लंगडत आमच्यापुढे पळू लागलं आणि मावशींना गोट्यांमध्ये चार अंडी सापडली. मग टिटवीचं पोर कसलं? त्या स्वतःच बुचकळ्यात पडल्या. म्हणाल्या, "न्हाई बाई, मला काय कळंना."

त्याच सुमारास आई मला भेटायला आली. ती जन्मभर पुळणीवर तिसऱ्या शिंपल्या वेचणारी. तिला मी मुद्दाम नदीवर नेलं. ती बराच वेळ उकिडवी बसून बघत होती.

"अगो, हा आपला नव्हे. आपल्याचे पाय काळे. ह्याचे पिवळे आहेत, आणि डोळ्याभोवती पिवळं कडं."

काळे पाय मला आठवेनात.

दिवाळीनंतर बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हा आधी पुळणीवर गेले. तिथल्या चिखल्याचे पाय काळेच होते आणि गळ्यातला पट्टा पुढून तुटलेला. आईचं खरं निघालं. पण चार दिवसांनी तिच्याबरोबर खाडीच्या तोंडाशी गेले, तर चिखलात पिवळ्या पायांचा धावत होता. कडंसुद्धा तसंच.

"आई, मग हा कोण?"

आई म्हणाली, "आम्ही दोघांनाही चिखल्याच म्हणतो. पाय कोण बघतो रोज?"

मग लहानपणी मी ज्याच्या मागे धावायची तो कुठला? पुळणीवरचा की खाडीतला? तेही मला सांगता येईना. आईने टोपली उचलली आणि आम्ही भरती चढायच्या आत घरी निघालो.