वन्संचा जपानातला ओढा

चिन्मयचा फोन आला तेव्हा मी शोभावन्संची खोली झाडत होते. गणपतीला त्या कुळगावला येणार होत्या. आता कायमच्याच या, असा माझा धोशा होता. "मामी, आई गेली गं... झोपेतच," एवढंच तो बोलू शकला. माझी ही मोठी नणंद मुलाकडे राहायला गेली होती, जपानातल्या समुद्रकाठच्या एका खेड्यात, आणि तिथेच वारली. परक्या माणसांत गेली, हे मला काही केल्या सोसेना.

शहाडच्या पुढे कधी एकट्या न गेलेल्या वन्सं जपानला निघाल्या तेव्हा मी चेष्टा केली होती, "तिथे बोलणार कुणाशी? इथे तर भाजीवाल्यालाही सोडत नाही तुम्ही." पोचल्यावर त्या व्हिडिओवर घरामागचा ओढा दाखवायला लागल्या. एवढासा तो, पण पुढच्या वळणावर समुद्राला मिळायचा. भरतीला पाणी उलटं चढायचं आणि त्याबरोबर बोटाएवढे मासे. "आमच्या नाल्याला याहून जास्त पाणी असतं हो," मी म्हटलं. "असेल. तळ दिसतो का तुझ्या नाल्याचा?" एका वाक्यात समोरच्याला गप्प करायची त्यांची जुनी खोड!

ओढ्यापलीकडच्या आजी अळू लावायच्या. तिथे अळकुड्या खातात आणि पानं टाकून देतात. पहिल्याच वर्षी काठावरचा तो हिरवागार ढीग बघून वन्संचा जीव तळमळला. पूल ओलांडून गेल्या नि पानं उचलायला लागल्या. आजी घाबरल्या, घसा धरून खाजेल म्हणून खुणा करू लागल्या. वन्संनी हसून मान डोलावली आणि पानं घेऊनच आल्या. चिंच नव्हती, तर तिथल्या खारवलेल्या आंबट प्लमचा कोळ घातला. बेसन इथून नेलेलं होतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आजी दारात हजर, ही बाई जिवंत आहे का बघायला! वन्संनी त्यांना बसवून घेतलं आणि वडी खायला घातली. भाषेवाचून माणूस जोडणं मला या जन्मी जमलं नसतं... त्यांना जमलं.

तेराव्याला इथे आम्ही रीतसर पान वाढलं. दुपारी चिन्मयचा फोन आला.

"मामी, पलीकडच्या आजी आल्या होत्या. स्वतः वड्या करून आणल्या. जाड झाल्या होत्या, सुटल्यापण होत्या. आईच्या फोटोपुढे ठेवल्या आणि विचारलं, 'जेवलीस का?'"

"मराठीत?"

"मराठीत. आई रोज ओढ्याच्या अलीकडून त्यांना हेच विचारायची ना."

मी फोन कानाला लावून रडत राहिले. नव्हत्या हो वन्सं परक्यांत. आम्ही इथे सगळं यथासांग केलं होतं, पण जेवलात का, असं त्यांना विचारायचं आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं.