गारठलेला चतुर

सकाळी चहा घेताना फोन उघडला, तर आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपवर एका चतुराचा फोटो आला होता, 'निसर्गाची किमया' असं शीर्षक देऊन. गवताच्या पात्यावर तो अगदी निवांत बसलेला, पंखांवर दवाचे थेंब, आणि त्या थेंबांत उलटं आभाळ. मी बघतच राहिले.

आमच्या ग्रुपची एक रीत आहे. फोटो टाकला की तो कसा काढला, हे खाली लिहायचं. या गृहस्थांनीही मोकळेपणानं लिहिलं होतं, "चतुर पकडून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. गारठला की हलत नाही. मग पात्यावर बसवून पाण्याचा फवारा मारा."

खाली सगळे खूश. "मस्त ट्रिक, सर." "उद्याच करून बघतो."

मी लिहिलं, "अहो, जीव आहे तो." लगेच उत्तर आलं, "ताई, नंतर उडून जातो."

नंतर उडतो म्हणे. ज्याचं अंग आपणच बधिर केलं, त्याला निवांत म्हणायचं आणि वर निसर्गाची किमया म्हणून मिरवायचं. पहाटे उठून गवतात ओणवं बसायचा कंटाळा, आणि त्या कंटाळ्याला नाव काय, तर तंत्र.

दुपारी गच्चीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा दोरीवर एक चतुर येऊन बसला. मी फोटो काढेपर्यंत तो उडाला. फोटोत आली नुसती दोरी, एक चिमटा आणि कोपऱ्यात पंखाची पुसट रेघ. तोच फोटो मी ग्रुपवर टाकला आणि रीतीप्रमाणे खाली लिहिलं, "चतुराला जायचं होतं. जाऊ दिलं."